जोतं

एप्रिल सरतो, साळावली धरणाचं पाणी खाली जातं, आणि गोव्याच्या सांगे तालुक्यात एक गाव दिसू लागतं. कुर्डी. १९८०च्या दशकात ते धरणाच्या पोटात गेलं. आता दर उन्हाळ्यात थोडे दिवस वर येतं आणि पाऊस लागला की पुन्हा बुडतं. तेवढ्या दिवसांत जुने गावकरी येतात, सोमेश्वराचा उत्सव करतात, आपापली घरं शोधतात. भिंती कधीच विरघळून गेल्या. उरलीत ती जोती. त्यांवरूनच माणसं ओळख पटवतात, इथं पडवी होती, इथं तुळस होती. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांच्या घराची जागाही तिथे दाखवतात.

मोगूबाईंचा जन्म याच गावातला, १९०४ सालचा. मुलीनं गाणं शिकावं हा आई जयश्रीबाईंचा ध्यास. पण मोगू दहाएक वर्षांची असतानाच आई गेली. पुढे नाटक मंडळीत कामं केली, 'सौभद्र'मधली सुभद्रा रंगवली, तेही सुटलं. आजारपणामुळे सांगलीला येऊन राहावं लागलं. ना कंपनी, ना गुरू. अशा वेळी तानपुरा गवसणीत गेला असता तरी कुणी नावं ठेवली नसती. ही मुलगी मात्र आजवर जेवढं कानावर पडलं होतं तेवढंच रोज घोटत बसली.

त्याच सुमारास औषधोपचारासाठी सांगलीत आलेले एक वयस्क गृहस्थ येताजाता तो आवाज ऐकत. एक दिवस ते घरात आले, गाणं ऐकलं आणि शिकवायला लागले. आपल्याला शिकवणारे हे खाँसाहेब म्हणजे जयपूर-अत्रौली गायकीचे प्रवर्तक अल्लादियाखाँ, हे मोगूबाईंना मागाहून कळलं.

गोष्ट इथेच संपली असती तर परीकथा झाली असती. खाँसाहेब मुंबईला गेले. त्यांच्या मागोमाग मोगूबाईही गेल्या, पण तिथे तालीम सलग मिळेना. मधल्या काळात आग्रा घराण्याच्या उस्तादांकडे शिकल्या, मग खाँसाहेबांचे धाकटे भाऊ हैदरखाँ यांच्याकडे. एक दार उघडावं, ते मिटावं, दुसरं किलकिलं व्हावं. खुद्द अल्लादियाखाँसाहेबांचा गंडा बांधला गेला तो १९३४ साली. तेव्हा मोगूबाई तिशीच्या होत्या, पदरी दोन वर्षांची मुलगी किशोरी होती. पुढे काही वर्षांत पती माधवदास भाटिया गेले आणि तीन मुलांचा संसार एकटीवर आला.

शिकण्याला इतक्या वेळा खंड पडलेल्या बाईचं गाणं तुटक असायला हवं होतं. प्रत्यक्षात ते लयीच्या बांधेसूदपणासाठी नावाजलं गेलं. जयपूर गायकी पेचदार. स्वर आणि लय एकमेकांत अशी विणलेली की एक धागा ढिला पडला तर सगळी वीण उसवावी. मोगूबाई त्या पेचांतून आवर्तन भरत समेवर यायच्या, त्यात धावपळ नसायची. शिकवतानाही तीच शिस्त. आई स्थायी-अंतरा दोनदाच गाऊन दाखवायची, तिसऱ्यांदा नाही, असं किशोरीताई सांगत. यात कडकपणा होताच. पण मला वाटतं, त्यात स्वतःचा अनुभवही असावा. गुरू उद्या समोर असेलच, याचा भरवसा जिला कधी मिळाला नाही, ती मिळालेला तास सांडू कसा देईल?

१९७४मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. २००१ साली त्या गेल्या. मैफली, मान, टाळ्या हे सगळं त्यांच्या आयुष्यात उशिरा आलं. माझं मन मात्र सांगलीच्या त्या खोलीशीच रेंगाळतं. तिथे कुणी श्रोता नव्हता, पुढे काही घडेल याची खूण नव्हती. रस्त्यानं जाणाऱ्या अल्लादियाखाँसाहेबांचे पाय थबकले ते त्या दिवसांतल्या रियाजामुळे. त्या दिवशी ती खोली मुकी असती, तर ते सरळ पुढे निघून गेले असते.

आपल्यापैकी बहुतेकांचं काहीतरी शिकणं अर्धवट राहिलेलं असतं. चांगला गुरू मिळाला की, सवड झाली की पुन्हा सुरू करू, असं म्हणत आपण ते गवसणीत घालून ठेवतो. गुरू भेटणं आपल्या हाती नसतंच. जेवढं आलं आहे तेवढं आज एकदा घोटणं मात्र असतं.

पाऊस लागला की कुर्डी पुन्हा पाण्याखाली जाईल. पुढच्या उन्हाळ्यात कुणी म्हातारा वाळलेल्या गाळातून चालत येईल, आणि नीट रचलेल्या जोत्यापाशी येऊन न चुकता थांबेल.