एकच माप

मनुष्याच्या कृत्याचा नैतिक दर्जा त्या कृत्यावरून ठरतो, की करणाऱ्याच्या पोशाखावरून? प्रश्न असा सरळ विचारला, तर प्रत्येक सुशिक्षित गृहस्थ पहिल्या पक्षाचाच कैवार घेईल. परंतु मद्यपानाची गोष्ट निघाली की आपली न्यायबुद्धी डळमळू लागते. पुण्यातील तरुण अभियंता मित्रांसह क्राफ्ट बिअरचा पेला घेऊन बसला, तर आपण त्यास रसिक म्हणतो. शिरड शहापूरसारख्या गावचा शेतमजूर मजुरी हाती पडताच दुकानाच्या आडोशाला गेला, तर त्यास दारुडा म्हणतो. ही दोन नावे न्यायाने पडली आहेत काय, हे पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

रसिकांचा पक्ष आधी त्याच्या उत्तम स्वरूपात मांडला पाहिजे. इंग्लंडातील वस्तीचा पब हे केवळ पिण्याचे ठिकाण नव्हे. तो शेजाऱ्यांचा सामाईक दिवाणखाना आहे. तेथील ‘रिअल एल’ ही बिअर पिंपात दुसऱ्यांदा आंबते; तिच्यातील यीस्ट पेल्यात ओतेपर्यंत जिवंत असते आणि वरून वायू भरलेला नसतो. कारखान्यांच्या बिअरपुढे ही चाल लोपू लागली, तेव्हा १९७१ मध्ये तिच्या रक्षणासाठी ग्राहकांनी चळवळ उभारली. आपल्याकडे २००९ मध्ये पुण्यात निघालेली ‘डूलाली’ ही देशातील आरंभीच्या लघुमद्यशाळांपैकी एक. हा शब्द मुळात आपल्या देवळालीचाच! तेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहता पाहता गोरे शिपाई भ्रमिष्ट होत, असा बोलबाला होता. म्हणून इंग्रजी बोलीत वेडेपणाला हे नाव पडले. चव पारखावी, सावकाश प्यावे, गप्पांत रमावे, यात काही कला आहे हे आम्ही नाकारीत नाही.

पण कलेमुळे जर दोष धुऊन निघत असेल, तर ती सवलत खेड्यास का नाही? शिंदीच्या झाडाला खाच पाडून रस उतरविणे हेही कसबच आहे, आणि तो रसही मडक्यात आपोआप आंबतो. निजामाच्या राज्यात मात्र या झाडाकडे पाहिले गेले ते खजिन्याच्या दृष्टीने; म्हणूनच १९४७ मध्ये मुक्तिसंग्रामाच्या कार्यकर्त्यांनी हे उत्पन्न बुडविण्यासाठी शिंदीची झाडे तोडली. गरिबाच्या पेयाची अशी गणना महसुलात किंवा गुन्ह्यात झाली. रसिकतेत ती कोणी केली नाही.

यावर कोणी म्हणेल की बिअर सौम्य, देशी दारू जहाल. मग दोहोंस एक न्याय कसा? हा भेद खरा आहे. परंतु तो पेयांचा भेद आहे, माणसांच्या योग्यतेचा नव्हे. सौम्य पेयानेही संसार बुडतात. उशीर लागतो इतकेच.

शिरड शहापूर हे मल्लिनाथाच्या दिगंबर जैन मंदिरामुळे दूरवर ठाऊक आहे. तेथे दर्शनास येणाऱ्या श्रावकाच्या मूलगुणांत मद्यत्याग अगदी आरंभीच येतो. त्याचे कारण मोठे मननीय आहे. मद्य हे असंख्य सूक्ष्म जीवांचे उत्पत्तिस्थान. ते पिण्यात हिंसा घडते, शिवाय मन मोहित होऊन धर्माचा विसर पडतो. पेल्यातील ज्या जिवंतपणाची रसिक वाहवा करतो, त्याच जिवंतपणामुळे श्रावक तो पेला दूर सारतो! हे कारण सर्वांस पटेल असे नाही. पण त्या मापाचा एक गुण वादातीत आहे: ते सावकारास आणि सालगड्यास सारखेच लागू पडते.

मग ज्यांनी असे व्रत घेतलेले नाही, त्यांच्यासाठी कोणते माप धरावे? आमच्या मते, पिणाऱ्याचा आनंद कोण भरून देतो, हे पाहावे. १८८० मध्ये पुण्यात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा नगरपालिकेचे सभासद जोतीराव फुले यांनी त्याविरुद्ध लेखी तक्रार केली. त्यांच्या डोळ्यांपुढे दुकानातील गिऱ्हाईक नव्हते, उद्ध्वस्त होणारी कुटुंबे होती. आज आपल्या राज्यात निम्म्याहून अधिक स्त्री-मतदारांनी ‘आडव्या बाटली’स कौल दिल्यास गावातील दुकान बंद करण्याची तरतूद आहे. जी आत कधी बसत नाही, परंतु बाहेर किंमत मोजते, तिला न्यायासनावर बसविणारी ही तरतूद आम्हांस अत्यंत शहाणपणाची वाटते. मात्र हे न्यायासन केवळ खेड्यापुरते असू नये.

रसिक गृहस्थाने हाच कौल आपल्या घरी मागून पाहावा. ज्या बैठकीच्या दाराशी आपली पत्नी, आई वा मुले अवचित येऊन उभी राहिली असता मान खाली घालावी लागत नाही, जेथून ठरल्या वेळी उठता येते आणि जेथे पेला बाजूला सारला तरी स्नेह उरतो, ती बैठक निर्दोष असेल. पण पेला उचलून नेताच जी मैत्री उठून जाते, तिला पबची दीपमाळ असो की दुकानाचा अंधार असो, नाव एकच द्यावे लागेल. ते नाव मजुरास देताना आपली जीभ कधी अडखळली नाही. स्वतःस देताना ती अडखळू नये, एवढेच आमचे मागणे आहे.