नदीचं मनोगत आणि ओढ्याचा पत्ता

मराठी शाळेतून गेलेल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी 'नदीचे मनोगत' लिहिलेलं असतं. ती नदी डोंगराच्या कुशीत जन्मते, नागमोडी वळणं घेत खळाळते, शेतं फुलवते, माणसाच्या कृतघ्नतेबद्दल चार अश्रू ढाळते आणि सागराला मिळते. पुण्याच्या मुलाने हेच मुठेबद्दल लिहिलं तर निबंध छान होईल आणि मुठा त्यात कुठेच नसेल. मुठा सागराला मिळत नाही. ती संगमावर मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला. खडकवासल्याच्या धरणाखाली, पावसाळ्याचे महिने सोडले तर, तिच्या पात्रातून मुख्यतः शहराचं सांडपाणी वाहतं. मुलाला हे दिसत नाही असं थोडंच आहे? पूल ओलांडताना तो नाक दाबतो. पण निबंधात ते लिहायचं नसतं, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. डोळ्यांना दिसतं ते एक आणि वहीत उतरतं ते दुसरं, अशी फारकत फार लवकर अंगवळणी पडते. मुलांच्या लेखन-कार्यशाळा गावातल्या नदी-ओढ्यांवर घ्याव्यात, असं मला वाटतं ते ही फारकत मोडण्यासाठी. पर्यावरण-जागृती साधली तर उत्तमच, पण ती नंतरची गोष्ट.

अमेरिकेत 1995 साली तिथले तेव्हाचे राजकवी रॉबर्ट हास आणि लेखिका पामेला मायकल यांनी 'रिव्हर ऑफ वर्ड्‌स' हा उपक्रम सुरू केला. मुलांकडून कविता आणि चित्रं मागवायची, पण त्यांनी आपण कोणत्या पाणलोटात राहतो ते शोधावं, ही त्यामागची दृष्टी. पोस्टाच्या पत्त्यासारखाच माणसाला पाण्याचाही पत्ता असतो. पुण्यातल्या सहकारनगर-अरण्येश्वर भागातल्या मुलाने तो शोधायला घेतला तर त्याच्या हाती आंबिल ओढा लागेल. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळात अडवला गेला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळं झालं. आज तळं नाही, सारसबाग आहे, पण जुने पुणेकर तिथल्या गणपतीला अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. आणि 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री याच ओढ्याने घरांच्या भिंती पाडल्या, गाड्या वाहून नेल्या, माणसं नेली. ज्याला मोठी माणसं सरसकट 'नाला' म्हणतात, त्यात एवढा ऐवज आहे. एका कथेला तो पुरून उरेल.

यावर साहित्यप्रेमींचा आक्षेप ठरलेला असतो: मुलांना तपशिलात अडकवलं की कल्पनाशक्ती खुंटते. मला उलटं दिसतं. 'खळाळणारी नदी' ही मुलाची कल्पना नव्हेच, ती गाइडातून आलेली उसनवारी आहे. जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती, पण त्यांच्या ओवीत नुसती 'नदी' क्वचित येते. येते ती पंढरीची चंद्रभागा, आळंदीची इंद्रायणी. हेमा राईरकर आणि गी प्वातवां या अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. इतकी रचना एका ठरीव साच्यातून निघाली नसती. शिवाय नीट पाहिलं की गोष्ट तितकी सरळ राहत नाही. मुळा-मुठेच्या उथळ, घाण पाण्यात लांब गुलाबी पायांचे शेकाटे थव्याने चरताना दिसतात. सांडपाण्यामुळे वाढलेल्या किड्यांवर त्यांचं चांगलं भागतं. 'प्रदूषणाने पक्षी निघून गेले' हे तयार वाक्य लिहायला बसलेल्या मुलासमोर असा एक शेकाटा चिखलात चोच खुपसत उभा राहिला की त्याला स्वतःचं वाक्य शोधावंच लागतं. लेखनाची सुरुवात तिथे होते.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. नदी-ओढ्याकाठच्या वस्तीत राहणाऱ्या मुलांना कसली आली प्रेरणा? त्यांच्या घरात पाणी शिरतं. सोसायटीतल्या मुलांनी रविवारी यायचं, वही भरायची आणि वस्तीचं दुःख टिपून जायचं, एवढ्यावरच कार्यशाळा थांबणार असेल तर ती न झालेली बरी. पण या पाण्याची जाण कोणाला जास्त आहे, हेही विचारायला हवं. पाण्याचा रंग कधी बदलतो, खडकवासल्यातून किती क्युसेक सोडले की मुठेवरचा भिडे पूल बुडतो आणि त्यानंतर सामान वर उचलायला किती वेळ मिळतो, हे वस्तीतल्या मुलाला पाठ असतं. शाळेच्या निबंधात या माहितीला शून्य गुण आहेत. कार्यशाळेत तोच वर्गातला जाणकार ठरतो आणि इतरांनी त्याला विचारून लिहायचं असतं. मात्र त्याच्याकडून फक्त पुराचीच गोष्ट मागायची नाही. त्याला चिलापी पकडण्याची गंमत सांगायची असेल, किंवा ओढा सोडून भुताची गोष्ट लिहायची असेल, तर लिहू द्यावी.

कविता लिहून नदी स्वच्छ होत नाही, हे मान्यच आहे. त्याला मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प लागतात आणि ते चालूही ठेवावे लागतात. तो भार मुलांच्या वहीवर टाकू नये. घोषवाक्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी तो पुरेसा टाकून झाला आहे.

काळजी एवढीच घ्यावी की मुलांना पाण्यात उतरवायचं नाही. पुलावरून, घाटाच्या वरच्या पायऱ्यांवरून भरपूर दिसतं. आणि एकाच फेरीत उरकायचं नाही. मे महिन्यात पात्रातले काळे खडक, जलपर्णी आणि निर्माल्याच्या पिशव्या पाहिलेल्या मुलांना ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा आणलं, तर जुनी वही त्यांची त्यांनाच खोडावी लागते. आयोजकांना दोनदा येणं जमत नसेल, तर त्यांनी खुशाल सहल काढावी, पण तिला लेखन-कार्यशाळा म्हणू नये.