तळ्यावर रोहित आहेत का?

थंडी सरू लागली की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात नवी मुंबईतल्या सीवूड्समागच्या तळ्यांबद्दल एकच प्रश्न फिरतो: "आज रोहित आहेत का?" लगेच कुणीतरी रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, गुलाबी फोटो टाकतो, खाली "भरपूर!" असाच एक फोटो बघून मी खारघरहून धावत गेलो. तळ्यावर दोन शेकाटे होते, आणि माझ्यासारखेच फसलेले तिघे जण. फोटो खोटा नव्हता. तो भरतीचा होता, मी ओहोटीला पोचलो होतो. खाडीतला चिखल उघडा असतो तोवर रोहित तिकडे चरतात. पाणी चढून तो बुडाला की आत तळ्यांवर विसावायला येतात.

फोटोखाली वेळ लिहायला हवी होती, हे खरं. पण नुसत्या घड्याळानं भागत नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आजचे भरतीचे 'सकाळी आठ' आठवड्यानं ऐन ओहोटीचे. किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा हिशेब वेगळा: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर भरती तीनला. बंदरावर कुणी "आज चतुर्थी" एवढंच म्हटलं तरी पुरतं. उरलेलं ऐकणाऱ्याच्या डोक्यात आधीच असतं.

आमच्या गटात ते नसतं. कुणी चिपळूणचा, कुणी लातूरचा, कुणी थेट कोलकात्याचा. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोनं वसवलेल्या या शहरात न सांगता समजेल असं थोडंच आहे. "सेक्टर १० मध्ये उद्या पाणी नाही" या निरोपावर वाशी, नेरुळ आणि खारघर, तिन्हीकडे बादल्या भरल्या जातात! सेक्टर १० तिन्हीकडे आहे.

पक्षिनिरीक्षकांचं 'ईबर्ड' हे संकेतस्थळ मात्र काहीच गृहीत धरत नाही. तिथं नोंद करताना किती वाजता, किती वेळ, किती चाललात हे विचारतात. आणि शेवटी, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत ना? मला हा शेवटचा प्रश्न फार आवडतो. त्याला 'हो' म्हटलं की यादीत रोहित नसणं हीही माहिती ठरते. माझी ती फुकट गेलेली फेरीसुद्धा तिथं कुणाच्या तरी कामाची.

गटातही असा तक्ता करून पाहिला. चार दिवस भरला गेला, मग पुन्हा फोटो आणि "भरपूर!" गप्पा मारायला आलेल्या माणसाला अर्ज भरायला लावला की तो गप्प बसतो, त्यात त्याची चूक नाही. त्यापेक्षा करावे गावातले एक काका करतात ते मला पटतं. ते उत्तरच देत नाहीत, उलट विचारतात. परवा एका मुलीनं लिहिलं, "उद्या येऊ का?"

"कुठून? किती वाजता?"

"डोंबिवलीहून. दुपारी तीन."

"उद्या अष्टमी. सहाला ये. आधी आलीस तर शेकाटे बघ."