थांबणं हेही कर्मच!



आजचं चिंतन गीतेच्या चौथ्या अध्यायातल्या अठराव्या श्लोकावर. भावार्थ असा, की ज्याला कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म दिसतं, तोच खरा शहाणा. कोडं वाटतं ना? मलाही वाटायचं. मग आयझया थॉमस आठवला.

एनबीएमधला हा पावणेसहा फुटी खेळाडू. २०१६-१७ च्या मोसमात बोस्टन सेल्टिक्सकडून सामन्यामागे सरासरी २८.९ गुण! एप्रिल २०१७ मध्ये बहीण अपघातात गेली, तरी दुसऱ्याच दिवशी तो खेळला. खुबा दुखत असतानाही खेळत राहिला आणि शेवटी प्लेऑफ अर्धवट सोडून त्याला बसावं लागलं. खुब्यातला लॅब्रम फाटला होता.

मांडीच्या हाडाचा गोळा ज्या खोबणीत बसतो, तिच्या काठावरचं कूर्चेचं कडं म्हणजे लॅब्रम. तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून भरून यायलाही वेळ. त्याचं ऑपरेशन झालं मार्च २०१८ मध्ये. अंदाज होता साधारण चार महिन्यांचा. तो परत कोर्टवर आला फेब्रुवारी २०१९ मध्ये. चारचे साडेदहा झाले!

अशा ऑपरेशननंतर आधी कुबड्या, मग जागेवरची सायकल, मग कंबर-मांडीचे कंटाळवाणे व्यायाम. धावणं फार पुढे. बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता बसलाय. पण रोजचा तो व्यायाम चुपचाप करणं, हेच त्या दिवसाचं कर्म. अकर्मात कर्म ते हेच!

आणि दुखऱ्या पायावर खेळणं? तो त्याग होता की आसक्ती, हे ठरवणारे आपण कोण? बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. पण स्वतःला विचारता येतं: मी हे कर्तव्य म्हणून करतोय, की ‘थांबलो तर लोक विसरतील’ या भीतीने?

आता अवघड भाग. परतल्यावर त्या मोसमात तो जेमतेम १२ सामने खेळला. २०२० मध्ये त्याच खुब्यावर पुन्हा मोठं ऑपरेशन. म्हणजे धीर धरला की फळ मिळतंच, असं नाही. गीता तरी कुठे तसं वचन देते? फळ आपल्या हातात नाही, असंच तर ती सांगते. आणि त्याच श्लोकात आळसाचा लळा लावून घेऊ नकोस, असंही बजावते. म्हणून ‘मी थांबलोय’ म्हणत रील्स बघत लोळणं यात बसत नाही हं!

डॉक्टरांनी दिलेली तारीख हा अंदाज असतो. आपण मात्र ती देवाने दिलेला शब्द समजतो, आणि चुकली की देवावरच रुसतो.

तुमचंही काही अडलं असेल. नोकरी, परीक्षा, दुखणं. आज फक्त एवढंच करा: ‘कधी संपणार?’ ऐवजी ‘आजचा माझा वाटा कोणता?’ असं विचारा. तेवढा करा, आणि उरलेलं त्याच्या पायाशी ठेवा.

राम कृष्ण हरी!