कार्डावर नसलेला रकाना

जमीन सुपीक असणं आणि निर्मळ असणं यांची आपण गल्लत करतो. असोद्याकडची भरिताची वांगी घ्या. फिकट हिरवी, पांढऱ्या रेषांची. कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजली की साल अलगद सुटते. जळगावच्या या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. घेणारा देठ बघतो, वांगं हातात तोलतो. मातीतून आलेलं विषारी शिसं किंवा कॅडमियम मात्र ना डोळ्यांना दिसतं, ना जिभेला कळतं.

2015 साली मृदा आरोग्य पत्रिका (सॉइल हेल्थ कार्ड) आली. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. जस्त-तांब्याचा प्रश्न तिथे कमतरतेचा असतो. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल यांना रकानाच नाही. नमुना घेण्याची शिस्त मात्र कडक आहे. सूक्ष्म अन्नद्रव्यांसाठी लोखंडी खुरपं वापरायचं नाही, त्याचा अंश मातीत उतरतो म्हणून. मग शहराच्या सांडपाण्याच्या नाल्यातून शेतात वर्षानुवर्षं उतरणाऱ्या अंशाची विचारपूस का नको?

सांडपाण्यात नत्र असतं, त्यामुळे पीक तरारतं आणि शंकाच येत नाही. सेंद्रिय घाण कुजून जाते, धातू कुजत नाही. खानदेशातल्या चुनखडीच्या, जास्त सामूच्या काळ्या जमिनी हे धातू बऱ्यापैकी धरून ठेवतात, हे आपलं नशीब. पण धरून ठेवलेलं संपत नाही. पालक-मेथीच्या पानांत हे धातू फळभाजीपेक्षा सहसा जास्त चढतात. दोष एकट्या शहराचाही नाही, कारण खनिज फॉस्फेटपासून केलेल्या खतातूनही कॅडमियम शेतात येतं.

असं साचत गेलं की काय होतं, ते जपानने पाहिलं: तिथे जिंझू नदीकाठच्या भातखाचरांत कामिओका खाणीचं कॅडमियम मुरलं. भात खाणाऱ्यांची हाडं ठिसूळ झाली. 1968 मध्ये सरकारने तो आजार प्रदूषणाचा म्हणून मान्य केला, आणि पुढे खाचरांवर स्वच्छ माती घालण्याचं काम 1979 पासून 2012 पर्यंत चाललं.

शहराच्या खालच्या अंगाला, नाल्याच्या पाण्यावर भिजणाऱ्या जमिनींत या धातूंची तपासणी व्हायलाच हवी, आणि तिचा खर्च पाणी सोडणाऱ्यांनी द्यावा. शेतकरी आज स्वतःहून नमुना देणार नाही, कारण अहवाल वाईट आला तर भाव त्याचाच पडेल. अशा जमिनीत भाजी नको, कपाशी लावा म्हणणं सोपं आहे, पण सरकीची पेंड दुभत्या जनावरांपुढे जाते. तेव्हा नमुना उचलण्याआधीच ठरलं पाहिजे: अहवाल वाईट आला तर त्या शेतात काय लावायचं, आणि बुडालेलं उत्पन्न कोण भरून देणार.