तात्यांचा आंबा

2 ऑक्टोबर 1977 ला सरकारनं गावोगाव आरोग्य रक्षक नेमायची योजना सुरू केली. हजार वस्तीमागं एक. मी दहावी होऊन घरच्या शेतीत बैलांमागं लागलो होतो. गावानं माझं नाव पाठवलं. तीन महिने प्राथमिक आरोग्य केंद्रात शिकलो आणि महिना पन्नास रुपये मानधनावर गावचा औषधवाला झालो. पेटीत तापाच्या गोळ्या, लोहाच्या गोळ्या, टिंक्चर आयोडिन, जखमेला लावायचं जांभळं औषध. गाव मला चेष्टेनं ‘पन्नास रुपयांचा डाक्टर’ म्हणायचं.

तरणी माणसं माझ्याकडं फार येत नसत. त्यांना सुई लागायची, आणि सुई टोचायची मला परवानगी नव्हती. येत ती म्हातारी माणसं. एक आजी पांढरी गोळी घेतच नसे. “तांबडी दे, तिच्यात जोर आस्तो.” आमचे एक अण्णा गोळी घेतली की ओंजळभर शेंगा ठेवून जायचे. फुकटचं औषध लागू पडत नाही, असं त्यांचं म्हणणं. अशी कितीतरी. पण रानात एकटा असलो की आठवतात ते तात्या.

तात्या आमच्या भावकीतले, सत्तरी ओलांडलेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. बांधावर त्यांनी लावलेला आंबा होता. आमचा माण तालुका, पाण्याची कायम बोंब. त्यात 1972 चा दुष्काळ. दिवसभर खडी फोडून यायचं आणि भांड्याधुण्याचं साठवलेलं पाणी घागरीनं आंब्याला नेऊन घालायचं, असं करून त्यांनी तो जगवला. डोळे गेल्यावर माघ लागला की ओसरीवर बसून विचारायचे, “मोहर कसा हाय रं?” घरची म्हणायची, “झाड भरलंय तात्या.”

आंबा दोन सालांमागंच तोडला होता. थोरल्या नातीचं लग्न निघालं, घरात पैसा नव्हता, पोरानं झाड वखारवाल्याला दिलं. तात्यांना सोसणार नाही म्हणून घरानं लपवलं. घराचं बघून भावकीनं लपवलं, मीही लपवलं. वैशाखात बाजारचे आंबे आणून त्यांच्या हातात देत. “चव निराळी लागतीय,” ते म्हणायचे. “औंदा पाऊस कमी हुता,” पोरगा म्हणायचा.

1984 च्या थंडीत तालुक्याच्या गावी डोळ्यांचं शिबिर लागलं. पेशंट नेणं माझं कामच. तात्यांचं नाव लिहिलं, तर त्यांच्या पोरानं मला गोठ्याआड गाठलं. “तात्यास्नी नगो नेऊस. दिसाय लागलं तर पयलं रानात जातील.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट माणूस नव्हता तो. मला रात्रभर झोप नाही. डोळे द्यायचे तर दुःख दाखवावं लागतं, आणि दुःख झाकायचं तर माणूस आंधळा ठेवावा लागतो. सकाळी मी तात्यांना एसटीत बसवलं. पण आंब्याचं तेव्हाही बोललो नाही. तेवढं धाडस नव्हतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या वेळी शिबिरात डोळ्यातलं भिंग काढून टाकत, आत नवं बसवत नसत. दीड महिन्यानं जाड काचेचा चष्मा मिळाला. त्यातनं वस्तू मोठी आणि जवळ दिसायची. तात्या तांब्याला हात घालायचे तर हात अलीकडंच राहायचा, मग स्वतःच हसायचे. तिसऱ्या दिवशी काठी टेकत रानात निघाले. मी मागनं गेलो.

बांधावर नुसता बुडखा. त्यावर ते बसले. बराच वेळ हात फिरवत राहिले. मग म्हणाले, “दोन माघ झालं, वारं तिकडनंच येतं आन मोहराचा वास न्हाई. मला कळलं हुतं रं. तुमी सांगाल म्हनून वाट बघत हुतो.”

मी म्हणालो, “तात्या, तुमाला तरास हुईल म्हणून...”

“हुनारच की. झाड माझं, मग तरासबी माझाच न्हाई का? नातीच्या लग्नासाठी मीच म्हनलो आसतो, घाल कुऱ्हाड. तुमी मला रडूबी दिलं न्हाई, आन देऊबी दिलं न्हाई.”

चाळीस वर्षं हे बोलणं माझ्या डोक्यात आहे. म्हाताऱ्या माणसाला दुःखापासून वाचवतो असं आपण म्हणतो, आणि वाचवता वाचवता त्याच्या हातातला कारभार काढून घेतो. घराच्या नुकसानीत ज्याला वाटा नाही, तो त्या घरात पाहुणा होतो.

मग सगळं सगळ्यांच्या तोंडावर सांगावं का? तसंही नाही. घशाला गाठ आलेल्या एका काकूंना मी मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. परत येताना त्या म्हणाल्या, “डाक्टर काय म्हनला ते मला सांगू नगंस. पोराला सांग.” मी शेवटपर्यंत त्यांच्यापाशी बोललो नाही, आणि त्याचं मला ओझं नाही. गप्प मी दोन्हीकडं बसलो. पण काकूंनी आपणहून तोंड फिरवलं होतं. तात्यांचं तोंड आम्ही फिरवलं होतं.

आता मीच 68 चा. गेल्या साली तपासायला गेलो, तर डॉक्टरांनी पोराला खुणेनं बाहेर बोलावलं. मी कॉटवरनं म्हणालो, “बोला की हितंच. शरीर माझं हाय.” पोरगा माझ्याशेजारी येऊन बसला. ऐकून वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण परतताना एसटीत आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, कुठली गाय विकायची आणि कुठली ठेवायची.