जात चोरणे आणि जात सोडणे

महानगर जात विसरायला लावते, हे गृहीतक आपल्या सामाजिक इतिहासलेखनात आणि नागर साहित्याच्या समीक्षेत दीर्घकाळ वावरत आले आहे. नायगाव-परळच्या गिरणगावात मात्र ते तपासून घ्यावे लागते. यंत्राला आणि भोंग्याला जात नव्हती. पण साचेखात्यात कांडीचा धागा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि तेवढ्या उष्ट्याच्या भयाने अधिक वेतनाच्या त्या खात्याचे दार अस्पृश्यांना बंद राहिले. १९२८ च्या गिरणी संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे मांडला, तेव्हा वर्गैक्याच्या मर्यादाच उघड झाल्या.

मग शहराने दिले काय? अनोळखीपण; म्हणजे जात लपवण्याची सोय. बाबूराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला निवेदक जात न सांगता सवर्ण सहकाऱ्यांत वावरतो, आणि ती कळताच मार खातो. शीर्षकातील क्रियापद विचारात घेण्याजोगे आहे. मराठीत वस्तू चोरतात, तसे अंगही चोरतात. पहिल्या अर्थाने निवेदक गुन्हेगार ठरतो, दुसऱ्या अर्थाने तो आघात चुकवू पाहणारा माणूस असतो. त्याने असत्य आचरले काय, हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. उत्तराचा उपयोग माणसाला दूर सारण्यासाठीच होणार असेल, तर सत्यकथनाचे ऋण विचारणाऱ्याला मागता येत नाही.

तरीही लपवण्याला मुक्ती म्हणता येणार नाही. लपवणाऱ्याला आपली जात क्षणोक्षणी स्मरणात ठेवावी लागते. पाहणाऱ्याची दृष्टी त्याच्या आत वस्ती करते. ३१ मे १९३६ रोजी नायगाव येथे भरलेल्या मुंबई इलाखा महार परिषदेतील ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणाचे महत्त्व इथे ध्यानात येते. केवळ नाव बदलून भागणार नाही, धर्मच बदलावा लागेल, ही त्यातील भूमिका जात चोरणे आणि जात सोडणे यांतील नैतिक अंतर स्पष्ट करते. चोरणे एकट्याने, गुपचूप होते; सोडणे चारचौघांत, समूहाने आणि घोषणेने होते. १९५६ मध्ये नागपुरात ते प्रत्यक्षात आले.

परंतु सोडणाऱ्याने सोडली म्हणून विचारणाऱ्याची जात सुटत नाही. ‘आडनाव काय?’ हा आपल्याकडील साळसूद प्रश्न आजही तेच काम करतो. बागुलांची कथा वाचताना आपण निवेदकाच्या मौनाची चर्चा करतो. त्या प्रश्नाची चिकित्सा मात्र ज्याने तो विचारला त्यानेच करायची आहे, आणि पुष्कळदा तो आपणच असतो.